माझ्या नावाची दुसरी पोरगी

सुवर्णाला माझं नाव पाठ करायला लावलं, तेव्हा मी तिथंच दाराशी उभी होते.

"म्हण," गुरुजी म्हणाले. "आधी नाव, मग बापाचं, मग आडनाव."

सुवर्णा पाटलांची. पाचवीतली, शाळेत सगळ्यांत हुशार. तिनं माझं नाव घेतलं. बापाचं घेतलं. आडनावापाशी थांबली. नाक मुरडलं.

"गुरुजी, ह्यांचं आडनाव लावू व्हय मी?"

"एका दिसापुरतं हाय. अंगाला चिकटत न्हाय."

वर्ग हसला. मीही हसले. नऊ वर्षांची होते, सगळे हसले म्हणून हसले. ते हसणं मला अजून सलतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पेठ वडगावच्या पलीकडचं गाव, दोन खोल्यांची सरकारी शाळा. शुक्रवारी तालुक्याचे साहेब येऊन चौथीची चाचणी घेणार होते. छापील पेपर, सगळ्या तालुक्याला एकच. ज्या शाळेचं एकही पोर नापास नाही, तिचं नाव वर जायचं. आमच्या गुरुजींना तो मान आधी मिळाला होता. तो त्यांना सोडायचा नव्हता.

मला वाचता येत नव्हतं. दिवाळी झाली की आमचं घर नदीकाठच्या वीटभट्टीवर जायचं, ते पावसापर्यंत. अधूनमधून शाळेत गेले तरी शेवटची पट्टी. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतली पोरं तिथंच बसायची. चार वर्षांत गुरुजींनी मला एकदाही वाचायला उठवलं नव्हतं.

त्या आठवड्यात गुरुजींनी कुणाला मारलं नाही. त्याचीच भीती वाटायची. बुधवारी त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं. आवाज अगदी हळू.

"शुक्रवारी यायचं न्हाईस. कुणी इचारलं तर तू ह्या शाळेतली न्हाईस. तोंड उघडलंस तर दाखल्यावर असं लिवीन, की कुठली शाळा दारात उभी करणार न्हाई."

शुक्रवारी मी भट्टीवर गेले. आई विटा पाडत होती. साच्यात मळलेल्या मातीचा गारा दाबायचा, साचा उलटा करायचा, उचलायचा. मी शेजारी बसून गारा कालवत होते. आईनं विचारलं, "आज परीक्षा न्हवं का गं तुमची?"

"सुवर्णा देणार हाय. माझ्या नावानं."

"मग तू पास का नापास?"

"पास."

"मग चांगलंच की. रडतीस कशाला?"

"आई, मला वाचाय येत न्हाय."

आईचा हात साच्यावर थांबला. मला नीट सांगता येत नव्हतं, पण कळत होतं. आज कागदावर मला वाचता येणार. एकदा कागदावर आलं, की मला कोण शिकवणार? कशाला शिकवणार? मी झालेच की पास.

आईनं साचा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हात धू. कागदाला गारा लागंल."

मी पळत गेले. वर्गात साहेब खुर्चीवर. टेबलावर पेपरांचा गठ्ठा. गुरुजी हजेरी घेत होते. माझं नाव आलं.

"हजर," सुवर्णा म्हणाली.

"ती न्हवं. मी हाय," मी दारातनं म्हणाले.

गुरुजी हसले. "साहेब, भट्टीवरची हाय. जरा अर्धवट हाय डोक्यानं."

साहेबांनी सुवर्णाच्या इस्त्रीच्या फ्रॉककडं बघितलं. मग माझ्या पायांकडं, चिखलाच्या. त्यांना सगळं कळलं. कळलं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"गुरुजी, हे तुम्ही मिटवा. मला अजून दोन शाळा आहेत."

गुरुजींनी माझा दंड धरला, पायरीवर नेऊन सोडलं. मी परत आत आले. पुन्हा बाहेर काढलं. पुन्हा आले, आणि सुवर्णाच्या पुढ्यात जमिनीवर बसले. "मला पेपर द्या."

तेव्हा गुरुजींचा हळू आवाज संपला. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. "वाच. ही एक ओळ वाच साहेबांच्या म्होरं. मग देतो पेपर."

मी ओळीकडं बघितलं. मुंग्यांची रांग. मागं पोरं खिदळायला लागली. कान तापले. पण ह्या वेळी मी हसले नाही.

"येत न्हाय," मी म्हणाले. "तेच लिवा. माझ्या नावावर तेच लिवा."

साहेबांनी पेपर दिला. दया म्हणून नाही, मी गप्प बसत नव्हते म्हणून. दोन तास मी कोऱ्या कागदापुढं बसले. शून्य पडलं.

शाळेचा मान गेला. भट्टी सुवर्णाच्या चुलत्याची होती. सोमवारी मुकादमानं आईला परत पाठवलं. गावात आमच्याशी कुणी बोलेना. "पोरीनं शाळेचं नाव बुडिवलं," म्हणायचे. साहेबांनी सुवर्णाबद्दल कुठं काही लिहिलं नाही. गुरुजींना कुणी जाबही विचारला नाही.

आईनं मला कोल्हापुरात राजारामपुरीला मावशीकडं ठेवलं. मावशी एका दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या शाळेत दहा वर्षांची मी दुसरीतल्या पोरांत बसून अक्षरं जोडायला शिकले. ती पोरंही हसायची. हसू दिलं.

पुढं डीएड केलं. दोन हजारनंतर शाहूवाडीतल्या एका डोंगरातल्या शाळेवर लागले. चाचण्या आता जास्तच झाल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वरच्या धनगरवाड्यावरची तीन पोरं त्या दिवशी घरीच राहू देत."

खोटं सांगत नाही, पहिल्या वर्षी मी ऐकलं. नोकरी नवी होती. हजेरीत तिघांपुढं माझ्या हातानं गैरहजर लिहिलं. तेव्हा कळलं, तो गुरुजी व्हायला फार काही लागत नाही. एक पेन पुरतं.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांचा तोच निरोप आला तेव्हा मी आदल्या दिवशी वाड्यावर चालत गेले. तिघांच्या घरी सांगून आले, उद्या पोरं पाठवा. मुख्याध्यापक चिडले. "निकाल खाली येईल. वर उत्तर कोण देणार?"

"मी देईन," म्हणाले.

निकाल खाली आला. नोटीस आली. उत्तरात लिहिलं : या तीन मुलांना वाचता येत नाही. त्यांना मी शिकवलेलं नाही. आता शिकवणार आहे. खाली सही केली.

बदली करायची तर करा. माझ्या वर्गातलं एकही पोर परीक्षेच्या दिवशी घरी राहणार नाही.