भाऊजींचे सरळ जंत

भाऊजी, तुम्ही प्राणिशास्त्र विभागात शिपाई म्हणून लागलात आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालात. पण उंदीर फाडावा तो तुम्हीच. पदवी माझ्याकडे, हात तुमच्याकडे. दिराची स्तुती करायची मला सवय नाही, तेव्हा एकदाच करते.

शेजारची दोन वर्षांची पोर आजारी पडली. ताप, उलट्या, मान ताठ. आदल्याच आठवड्यात तिच्या आईने घरात उंदरांचं औषध ठेवलेलं. झालं! पोरीने तेच खाल्लं, असं आख्ख्या आळीने ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, हे विषाचं लक्षण नाही, मेंदूच्या आवरणाला सूज आहे. पण कशाने, ते त्यांनाही सांगता येईना. पोर वाचली. आईने मात्र स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं आणि सासूने री ओढली.

तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "वहिनी, आजी पोरीला परसात बसवायची ना, तेव्हा ती गोगलगायी तोंडात घालायची. दोनदा मीच काढल्यात."

"मग?"

"उंदराच्या फुप्फुसात एक जंत असतो, त्याची पिल्लं गोगलगायीत वाढतात आणि माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचतात. तुमच्याच पुस्तकात चित्र आहे."

"ताटावर जंत नकोत!" सासूबाई कडाडल्या.

"आई, ताटावर नाहीत, उंदरात आहेत."

त्याच परसात तुम्ही पिंजरे लावलेत. पहिल्याच उंदराच्या फुप्फुसात अकरा जंत निघाले, दोऱ्याएवढे. माद्या तर लाल-पांढरा पीळ घातल्यासारख्या. मी ऐटीत म्हटलं, टाका स्पिरिटात. तुम्ही टाकलेत. सगळ्यांची वेटोळी झाली. तुमच्या विभागातले सर म्हणाले, "नराच्या शेपटीतले काटे मोजल्याशिवाय जात ठरत नाही. या गुंत्यात काय मोजू, माझं कपाळ?"

चूक माझी होती. तुम्ही पुढच्या उंदरांतल्या जंतांवर प्रयोग करत बसलात: आधी मिठाच्या पाण्यात धुवायचे, मग स्पिरिटची बाटली गरम पाण्यात ठेवून तापवायची आणि जिवंत जंत त्यात सोडायचा. काडीसारखा सरळ! माझं दुधाचं पातेलं मात्र त्या कामी आलं, ते परत चुलीवर चढलं नाही.

चार महिने, सदतीस उंदीर. गोगलगायी तर मोजल्याच नाहीत. एकेक ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली. परसातल्या गोगलगायींत पिल्लं सापडली, सरळ नरांचे काटे मोजून जात ठरली. सरांनी लेखी दिलं. डॉक्टरही म्हणाले, पोरीचा आजार याच्याशी जुळतो.

सर म्हणाले, "पहिल्यांदाच असे का नाही आणलेस?"

"तेव्हा वहिनींचा सल्ला घेतला होता."

तोवर ती बाई पोरीला घेऊन भावाकडे राहायला गेली होती, बसने तीन तास. मी म्हटलं, सरांचा कागद पोस्टाने पाठवू. "नको," तुम्ही म्हणालात, "नुसता कागद बघून ती घाबरेल. समोर बसून सांगायचं, मग कागद हातात द्यायचा. तुम्ही चला, बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकतं."

रविवार ठरला. त्या रविवारी माझा गुडघा. पुढच्या रविवारी तुमची विभागातली परीक्षांची कामं. मग आपण नुसतंच म्हणायला लागलो, जायला हवं. असं म्हणता म्हणता वर्षं गेली. तुम्हाला जाऊनही आता तीन वर्षं झाली. पोर आता कॉलेजात असेल. कागद माझ्या कपाटात आहे, मागे तुमच्या अक्षरात पत्ता. मी अजून गेलेले नाही.