आप्पांना क्रीकपार नेलं तेव्हा

माझ्या पदवीदानाला आप्पा, म्हणजे माझे वडील, मेलबर्नला आले. त्यांना समुद्र बघायचा नव्हता की कांगारू बघायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, तुझी ती बेकरीवाली बाई ससे मारायला जाते म्हणतेस ना, मला एकदा ने तिच्याबरोबर.

मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या गावाकडं, कायदा कडक व्हायच्या आधी, आप्पा आणि त्यांचे सोबती सशांच्या मागं जायचे. माझे दोन्ही भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यात असायचे. मी मात्र ओढ्यापर्यंतच. तिथं आप्पा मागं वळून सांगायचे की हे पोरींचं काम नाही, फिर माघारी. मी रडले, जेवण सोडलं, एकदा भावाची चड्डी घालूनसुद्धा गेले. काही उपयोग नाही. आणि आता हेच गृहस्थ मला म्हणतात, ने. नेते म्हटलं. मनातून मला एवढंच हवं होतं की या माणसानं आयुष्यात एकदा तरी मला शिकारीतलं माणूस म्हणून मोजावं.

तेव्हा आमचं उपनगर, क्लेटन, नुसतं विद्यार्थ्यांनी खच्चून भरलं होतं. दोन बेडरूमच्या युनिटमध्ये आम्ही पाच मुली राहायचो. आप्पांसाठी हॉल रिकामा केला होता. मी आठवडाभर युनीत, म्हणजे विद्यापीठात, आणि विकेंडला बेकरीत. बेकरीच्या मालकीणबाईंचं शहराबाहेर शेत होतं. सशांनी त्यांचं गवत पार कुरतडून ठेवलं होतं, म्हणून त्या परवाना काढून बंदूक घेऊन जायच्या. आप्पांचं ऐकून त्या खूश झाल्या. नो वरीज, शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, या म्हणाल्या.

शनिवारी आप्पा खात नाहीत. मी चिडवलं, मारुतीला चालतं का हे? तर म्हणाले, त्यानं खायला बंदी केलीय, जायला नाही. निघताना आमच्यातल्या हैदराबादच्या मुलीनं प्रेमानं विचारलं, अंकल, कहाँ जा रहे हैं? झालं! निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारलं की नाट लागते. आप्पा परत आत येऊन बसले, घोटभर पाणी प्यायले, मग निघाले. ती बिचारी शंभरदा सॉरी म्हणाली.

ससे क्रीकच्या पलीकडच्या उतारावर होते. क्रीक म्हणजे आपला ओढाच, पण वर कुठंतरी पाऊस झालेला, पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ चांगलीच. मालकीणबाईंनी मला आधीच शिकवलं होतं: अरुंद जागी पाणी जोरात असतं, पसरट जागी उतरायचं, बूट पायातच ठेवायचे, पिशवीचा पट्टा सैल, काठी रोवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. त्या रिकामी बंदूक खांद्याला अडकवून पलीकडं गेल्यासुद्धा. आप्पांना मी हे सगळं मराठीत समजावून सांगितलं. ते हं हं म्हणाले. मग खाली बसले, बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले, पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि उतरले.

मी ओरडले. वहाणा घालून कोण पाण्यात उतरतं, असं त्यांचं म्हणणं. आणि बूट नवे होते.

चार पावलं गेले असतील. एक पाय शेवाळावरून सटकला आणि ते कमरेपर्यंत बसलेच पाण्यात. मी धावत जाऊन त्यांचा कमरेचा पट्टा धरला. पाण्यानं आम्हा दोघांनाही खेचलं. आप्पा कसेबसे उभे राहिले, पण पुढं जाईनात.

"पायाखाली दगड आहे का नाही, तेच कळंना मला," ते हळूच म्हणाले.

दहा वर्षांचा मधुमेह. तळव्यांची जाणीव कमी झालीय, हे आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. मी त्यांना धरून काठावर आणलं. माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका. तुम्ही इथंच थांबा, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. एवढी वर्षं व्याजासकट जपून ठेवलेलं वाक्य! पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. मान खाली घालून ओल्या पायांत बूट घालत होते आणि गुडघ्यामुळं त्यांचा हात नाडीपर्यंत पोचत नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी खाली बसून नाड्या बांधल्या, घट्ट.

मग मी प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभी राहिले, म्हणजे पाण्याचा जोर माझ्यावर येईल. त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी काठी रोवायची, पाय टाकायची, पक्का बसला की "या" म्हणायची, की ते यायचे.  मधे एकदाही त्यांनी उलट सल्ला दिला नाही, हे तर नवलच. पलीकडं पोचल्यावर मालकीणबाईंनी थर्मासमधला चहा दिला. आप्पा बिनसाखरेचा प्यायले आणि खुशीत आले. गवतात पालथे पडून त्यांनीच वाऱ्याची दिशा बघून जागा निवडली. मालकीणबाईंनी दोन ससे टिपले. मी नुसती बघत होते. तरी असा आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

अंधाराच्या आत परतायचं होतं. बाईंनी ससे सोलले आणि दोन्ही आम्हालाच देऊ लागल्या. आप्पांनी मान हलवली. आमच्याकडं शिकारीचे वाटे तिथल्या तिथं पडतात, हे मला भाषांतर करून सांगावं लागलं. मग आप्पांनी झाडाची एक रुंद साल धुऊन घेतली आणि तिच्यावर सुरीनं तीन वाटे घातले. एक बंदुकीचा. एक स्वतःचा, लहानसा. तिसरा सगळ्यात मोठा.

बाईंनी विचारलं, मोठा कुणाचा? मीही तेच विचारणार होते.

"पाण्यातून पुढं चालतो त्याचा," आप्पा म्हणाले. मग साल माझ्यापुढं सरकवली. "उचल. म्होरक्यानं उचलल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नसतो."