औषध होईपर्यंत

कळंबोलीला सर्कलच्या पुढे, जिथे न्हावा शेवा बंदराकडून आलेले ट्रेलर रांग लावून उभे असतात, तिथे आम्ही तिघं हैदराबादच्या बसची वाट बघत होतो. मी, आई आणि पप्पा. आईने तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि भाजलेले सुके बोंबील असं सगळं चार-चार पिशव्यांत गुंडाळून दिलं होतं, तरी वास काही लपत नव्हता. क्लीनरने पिशवी डिकीत टाकायला घेतली, नाक वाकडं केलं आणि म्हणाला, "मॅडम, ये अपने पासही रखो." पप्पा खो खो हसले. मग त्यांनी माझी बॅग उचलायला हात पुढे केला आणि तो थरथरायला लागला, तसा गुपचूप खिशात घातला. याच हाताने त्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून ट्रेलर चालवला होता. पार्किन्सनचं निदान झालं आणि स्टिअरिंग सुटलं. मी पायरीवर चढले तेव्हा म्हणाले, "औषद झाला का लगेच ये गो बाय. थांबू नको."

एम.एस्सी.च्या शेवटच्या सहा महिन्यांत आम्हाला कंपनीत काम करायला पाठवत. माझी प्लेसमेंट लागली ती नवी औषधं शोधणाऱ्या एका लॅबमध्ये, आणि तिथली टीम नेमकी पप्पांच्याच दुखण्यावर काम करत होती. मी उड्या मारतच घरी सांगितलं. पप्पांनी त्याचा सरळ अर्थ लावला: पोरगी जाणार, औषध करणार, घेऊन येणार. मी समजावलं, की एका औषधाला दहा-बारा वर्षं लागतात आणि बहुतेक वेळा शेवटी हाती काहीच येत नाही. "बारा वर्सां? औषद करतेस का इमानतल बांधतेस?" आमच्या कोन गावाजवळचा विमानतळ मी शाळेत असल्यापासून 'होणार, होणार' असाच ऐकला होता!

तुमच्यापैकी ज्या मुली पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला गेल्यात, त्यांना पहिल्या महिन्याचं वेगळं सांगायला नको. मी ज्या पीजीत राहायचे तिथे चार मुलींत एक खोली आणि रोज सांबार. एका रविवारी न राहवून मी तव्यावर बोंबील भाजले. मालकीणबाई दारात उभ्या. आता सामान बाहेर जाणार असं मी धरूनच चालले, तर त्या समुद्रकाठच्या निघाल्या आणि अर्धा डबा घेऊन गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. हळूहळू माझ्या तोंडात हैदराबादी "नक्को" आणि "कैकू" बसलं. घरी फोनवर चुकून "हो"ऐवजी "हौ" म्हटलं की आई विचारायची, "कोन बोलतंय?"

लॅबमध्ये माझं काम म्हणाल तर स्वयंपाकाच्या जवळचं. ढवळा, गरम करा, गाळा, सुकवा. आठवडाभर राबावं तेव्हा नखाएवढ्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पावडर मिळायची. तिला नाव नाही, फक्त कोड नंबर. ती तपासणीला गेली की आम्ही दहावीच्या निकालासारखी वाट बघायचो. आमचं एक कंपाउंड, म्हणजे अशीच एक पावडर, मात्र एकेक परीक्षा पास होत चाललं. सहा महिन्यांची प्लेसमेंट वर्षभर वाढली, मग आणखी वाढली. मला ते शहर आवडायला लागलं होतं, आणि त्याहून जास्त ते काम.

दर रविवारी पप्पांचा फोन. जेवलीस का, पाऊस हाय का, आणि मग ठरलेला प्रश्न: "औषद झाला का?" मी त्यांना यकृत, मेंदू, उंदीर असं सगळं सांगत बसायचे. फोन ठेवला की डोळ्यांसमोर तो खिशातला हात यायचा, आणि सोमवारी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये हजर.

एका शुक्रवारी ते कंपाउंड बाद झालं. मेंदूपर्यंत पोचायच्या आत यकृत त्याचा चट्टामट्टा करत होतं. टीम लीडने स्लाइड दाखवली, "ड्रॉप" म्हणाले आणि सगळे कँटीनला गेले, कारण शुक्रवारी बिर्याणी असायची. मी मात्र लॅबमध्ये परत गेले. त्याच आठवड्यात मला दुसऱ्या प्रोजेक्टवर कायमची नोकरी देऊ केली होती. मला ती हवी होती. पण आधी पप्पांना सांगणं भाग होतं, आणि फोनवर ते जमणार नव्हतं.

शनिवारची बस पकडली. सकाळी घरी पोचले तर आई कोलंबी सोलत होती आणि पप्पा ओट्यावर बसले होते. मी एका दमात बोलून टाकलं. औषध होणार नाही. निदान आमच्याकडून तरी नाही.

पप्पांचा चेहरा उतरेल अशी मनाची तयारी केली होती. तो उजळला.

"म्हंजे काम संपला तुजा? सामान आनायला टेंपो सांगू?"

"पप्पा, पण तुमचा हात..."

"हाताला गोल्या देतंय ना डॉक्टर. तू कवा येतेस ते सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर रविवारी ते औषधाची चौकशी करत होते, त्यात औषध कुठेच नव्हतं. 'कधी येशील' असं सरळ विचारलं तर पोरीचा जीव अडकेल, म्हणून माणूस औषध पुढे करत होता. आणि मी त्यांना उंदरांची माहिती देत बसले होते.

"मी येत नाही, पप्पा. मला तिथेच नोकरी लागतेय," मी म्हटलं. त्यांना तोंडावर दिलेला हा माझा पहिला नकार. त्यांनी हात काखेत दाबून धरला आणि रस्त्यावरचे ट्रेलर बघत राहिले. पुढे बरेच महिने फोन आईच करायची. मागून त्यांचं खोकणं ऐकू यायचं, तेवढ्यावर मी समाधान मानायचे.

या वर्षी होळीला गेले तर वरच्या माझ्या खोलीत दोन मुली भाड्याने राहत होत्या. जवळच रसायनीला एका कंपनीत प्लेसमेंटला आलेल्या, एक लातूरची, एक परभणीची. माझ्या कपाटात त्यांचे लॅबकोट. खरं सांगते, मला रागच आला. माझं अंथरूण हॉलमध्ये पडलं, पाहुण्यासारखं. आई मात्र त्यांना आग्रह करकरून वाढत होती, आणि भात कालवता कालवता ती लातूरची पोर शिकवलेल्या पोपटासारखी आमच्या बोलीत "नाय, आता नको" म्हणत होती. माझी अक्का आठवली. कुठेतरी माझं चाललंय तसंच इथे हिचं चाललंय, हे बघून राग हळूहळू निवळला. या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेली खोली नाही, आणि तरी ते मला पूर्वीपेक्षा जास्त आपलं वाटतं.

निघायच्या दिवशी दुपारी त्या लातूरच्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. तिने रडवेल्या तोंडाने तो पप्पांच्या हातात दिला. पप्पा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "दादा, तिला कवा येतेस, कवा येतेस इचारू नका. काम हाय तिचा. पोरींना बोलता येत नाय मग."

फोन परत देऊन ते माझ्याकडे वळले. "तुजी बस कितीची हाय? रिक्षा सांगून ठेवतो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला जायची वेळ कधी विचारली नव्हती. मी ती सांगितली, आणि आत आईजवळ जाऊन पोटभर रडले.