घोडी दाखवणारी बाई

कुडाळजवळच्या एका फार्मवर आम्ही आठ जण शर्यतीच्या घोड्या बघायला गेलो. दाखवणारी बाई तरणी होती. केसांत गवताची काडी अडकलेली, आणि बोलताना ती घोडीच्या मानेला टेकायची. घरी मोजकंच बोलणारे आमचे हे तिच्यामागे फिरत एकेक विचारत होते, हसत होते. मला तिचा रागच आला.

शेवटी ती गाजर घेऊन माझ्याकडेच आली.

"काकी, हात सपाट ठेवा, नायतर बोटां खायत ही! काका म्हणत होते, आमच्या हिका घोड्याक हात लावूचो आसा, पण ती कोणाक सांगूची नाय."

घोडीचे ओठ तळव्याला मऊ लागले. पण माझं लक्ष बाईकडेच होतं. ही इच्छा मी ह्यांना लग्नाच्या वर्षी एकदाच सांगितली होती. ती त्यांच्या लक्षात आहे, हे त्यांनी तिला सांगितलं, मला नाही.