हेलिकॉप्टर घेण्याआधी मांडीवरची लेकरं मोजा

पुराच्या आठवड्यात माझं पोस्टिंग एका हेलिकॉप्टरवर लोडर म्हणून झालं. मी हवाई दलात कॉर्पोरल, गाव ताडकळस. इथली बोली येते म्हणून मला परभणीला पाठवलं. पायलट फ्लाइट लेफ्टनंट भल्ला. सकाळी सव्वासहाला ब्रीफिंग झालं. एका खेपेला चार माणसं, पाचवा नाही. माणसं चढवून मी त्यांच्या छतावरच थांबायचं, कारण माझंही वजन असतं.

सकाळच्या तीन खेपा नीट झाल्या. दुपारी ढग फाटले, ऊन तापलं. तापलेली हवा पातळ होते, पंख्याला पकड मिळत नाही. सकाळी सहा माणसं उचलणारं हेलिकॉप्टर दुपारी चारावर येतं. हे भल्लासाहेबांना ठाऊक होतं. मलाही होतं.

१४२० वाजता चुडाव्याजवळ एका शाळेच्या स्लॅबवर टेकलो. चौफेर पाणी, स्लॅबवर तीसेक माणसं. म्हातारी धुरपताबाई, तिची सून गयाबाई, पाय मोडलेले नामदेवराव आणि दिवस भरलेली शेवंता, अशी चार बसवली. गयाबाईनं आपली दोन्ही लेकरं मांडीवर ओढली. वय नऊ आणि सात. मी म्हणालो, ही पुढच्या खेपेला.

"मांडीवरच हायेत की, दादा. एसटीत तरी मोजतेत का?"

मी हसलो. ताडकळसच्या गाडीत आईनं मला दहा वर्षांचा होईपर्यंत मांडीवरच नेलं होतं. दार लावलं.

वायरलेस सेटवर भल्लासाहेबांनी विचारलं, "कितने?"

"चार, सर."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी मान वळवली नाही. माझा आकडा त्यांना पुरेसा होता.

हेलिकॉप्टर पुरुषभर उठलं, पाण्यावर सरकलं आणि तिथंच अडलं.

"पूरी पॉवर. चढ नहीं रहा. सच बता, कितने हैं?"

"चार. और गोद में दो."

"छत खाली कर. वापस आता हूँ."

छत मोकळं नव्हतं. पुढची खेप आपली म्हणून सगळे रिकाम्या जागेत येऊन उभे होते. मी ओरडलो, ढकललं, एकाला लाथ घातली. तोवर शेपूट बाभळीच्या शेंड्यात अडकलं आणि हेलिकॉप्टर पाण्यात कोसळलं. १४२६.

चौकशीत चूक माझी ठरली. ती माझीच होती. नोकरी गेली.

आता तालुक्यातले बागायतदार हेलिकॉप्टर घ्यायला निघालेत. कापसावर फवारणी करायची, पुरात माणसं काढायची. त्यांच्या खरेदी समितीपुढं मी चार वेळा गेलो. मे महिन्यात दुपारी तीनला, टाकी भरलेली असताना, ते परभणीत किती किलो उचलतं, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या म्हणालो. सुटे भाग कुठून येणार, बिघडल्यावर किती महिने पडून राहणार, हे विचारा. उतरायच्या जागेवर माणूस तोलायला काटा ठेवा. बाजारात कापसाचं बोचकं काट्यावर चढल्याशिवाय हलत नाही, आणि माणूस मात्र अंदाजानं उडवायचा? ही कुठली रीत?

अध्यक्षांनी विक्रेत्याचं रंगीत पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "शिटा सहा हायेत. गादी बी लय मऊ हाय. तुमी उगं भेव घालायलाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "पाडलं कुणी, ते आदी इचारा त्यास्नी."

सगळे हसले. ठराव पास झाला. उद्या सह्या आहेत. हे पत्रक वाचून कोणी थांबेल, असं मला वाटत नाही.

पंचनाम्यात मृत पाच लिहिलेत. फ्लाइट लेफ्टनंट भल्ला, धुरपताबाई, गयाबाई, नामदेवराव, शेवंता. उरलेली दोघं पाण्यात सापडली नाहीत, म्हणून कागदावर आली नाहीत. मुलीचं नाव कांता. मुलाचं भीमा.