मामांचं अथेन्स

माझ्या बायकोच्या मामांइतकं अथेन्स शहर कोळून प्यायलेला माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात नाही, कदाचित अथेन्समध्येही नसेल. कुठल्या गल्लीतली खोली स्वस्त, कुठल्या खोलीत पेज शिजवायची सोय, टेकडीवरच्या जुन्या देवळाला कुठल्या वारी गर्दी कमी, सगळं तोंडपाठ. फक्त मामा अजून तिथे गेलेले नाहीत. इब्रामपूरच्या घरात बसून गेली आठ वर्षं ते जायची तयारी करताहेत.

इच्छा मुळात मामींची. मामा वास्कोच्या बंदरात कामाला असताना एका ग्रीक खलाशाने त्यांना अथेन्सचं कॅलेंडर दिलं. त्यावरचे ते टेकडीवरचे पांढरे खांब मामींनी स्वयंपाकघरात टांगले आणि भाकऱ्या थापता थापता एकदा म्हणाल्या, "थंय एकदा जावक व्हया." मामींनी आयुष्यात मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट. मामांनी ती मनावर घेतली, पण निवृत्त झाल्यावर. तोवर मामींचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पाय चालताहेत तोवर हिला ती टेकडी चढवायची, ही मामांची घाई.

घाई म्हणजे मामांची घाई. स्वस्त तिकिटात वाटेत आखातातल्या विमानतळावर अकरा तास बसावं लागतं हे कळल्यावर त्यांनी आधी सराव घेतला. मामींना घेऊन सकाळी सातला डिचोलीच्या बसस्टँडवर गेले आणि संध्याकाळी सहापर्यंत बाकावर बसून राहिले. डब्यात उकड्या तांदळाची पेज, शेजारी बॅग. बॅग बरोबर सात किलोची, वाण्याच्या काट्यावर तोलून आणलेली. ओळखीचा कंडक्टर दर फेरीला विचारी, "मामानु, बस चुकली?" मामा सांगत, "आमका विमान बदलूचा आसा." संध्याकाळपर्यंत मामा पार आंबून गेले. मामींनी मात्र तेवढ्यात वाळपईच्या एका बाईशी मैत्री जुळवून भेंडीचं बी मिळवलं.

पण घोडं अडायचं ते गावच्या देवीपाशी. आमच्याकडे विहीर खणायची तरी देवाचा प्रसाद, म्हणजे कौल, घेतात. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिकीट स्वस्त दिसलं की मामा अंघोळ करून देवळाच्या पायऱ्या चढायला लागत. पहिल्या वर्षी देवीने तासभर लावून उजवी दिली, आणि मामा खाली उतरेपर्यंत भाडं दीडपट झालं. मामा विमानवाल्यांवर भडकले. "देवीन हो म्हटल्यार भाव वाढवतत? हेंका कोण इचारणारो नाय?" पुढे दरवर्षी डावीच पडत गेली, निदान मामा घरी येऊन तसं सांगत.

यंदा मी बरोबर गेलो. मामीही निघाल्या, पण सातव्या पायरीवर बसल्या. गुडघा दाबत म्हणाल्या, "तुमी जावा वयर. मी हयसूनच हात जोडतंय." वर भटजींचं गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी पाकळी पडली. मोबाईलवर भाडंही कधी नव्हे इतकं खाली आलेलं. मला भलताच आनंद झाला. मामांनी पाकळी खिशात घातली आणि खाली बसलेल्या मामींकडे बराच वेळ बघत राहिले.

उतरता उतरता मला हळूच म्हणाले, "आपल्या गुडघ्यांपायी जावचा राहिला, असा तिका वाटूक नको."

मग मामींपाशी जाऊन सांगितलं, "डावी दिल्यान गे."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "खरा?"

"डावीच," मी म्हणालो.

"देवीच्याच मनात नाय, तर आपण काय करतलंव," मामी म्हणाल्या. "फुडल्या वर्सा इचारूया. तवसर माझे गुडघे पण बरे होतले."

"होय तर," मामा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. त्या सात पायऱ्या उतरायला दोघांना खूप वेळ लागला. आधीच्या वर्षांच्या पाकळ्या कुठल्या अंगाच्या होत्या, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.