माठातली कामटी

जगात जे जे म्हणून आहे ते हळूहळू उडून चाललं आहे, यावर आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंइतकी गाढ श्रद्धा मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पांढरकवड्याबाहेर हायवेवर ट्रकांसाठी पातळ केलेल्या गॅसचा पंप निघाला, तिथे ते नोकरीला होते. हा गॅस बर्फाहून कितीतरी थंड. टाकी कितीही जाड असो, बाहेरची ऊब आत शिरते आणि रोज थोडा गॅस उडतोच. उद्या सकाळपर्यंत किती उडेल याचा अंदाज संध्याकाळी वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. ते काम पंपावर ठेवून घरी येणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. दोरीवरचा माझा ओला पायजमा बघून "साडेचारले वाळते, गुरुजी" म्हणायचे आणि तो मेला साडेचारलाच वाळायचा! आमच्या माठात तर रोज संध्याकाळी बांबूची कामटी बुडवून पेन्सिलीनं दोन रेघा मारायचे. वरची आजच्या पाण्याची, खालची उद्या सकाळच्या अंदाजाची. "काकू, यातलं पानी पिऊ नका, माह्या अंदाजात घोळ होते," अशी आमच्या हिला ताकीद. शेवटी हिनं प्यायच्या पाण्यासाठी दुसरा माठ आणला. एकदा टाकीतून अंदाजापेक्षा कमी गॅस उडाला, तर हा माणूस दिवसभर जेवला नाही. मापाचा काटाच अडकला होता हे कळल्यावर दोन्ही वेळचं एकदम जेवले.

पण पंपावर ट्रक येईनात. "टाकी उभी राह्यली का गॅस उडते, चालती राह्यली का टिकते," म्हणत ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा हायवेवर उभे राहून ड्रायव्हरांना हात दाखवायचे. अखेर मालकानं सांगितलं, पुढच्या महिन्यात किती उडेल ते लिहून द्या. आकडा मोठा निघाला तर पंप बंद, म्हणजे यांचीही नोकरी गेली. मी म्हटलं, "थोडा कमी लिहा ना."

"कमी लिहून गॅस थांबते काय, गुरुजी?" ते माझ्यावरच डाफरले. खरं तेच लिहिलं, आणि पंप बंद झाला.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माठात कामटी बुडवली, दोन रेघा मारल्या, "सकाळी पाहजा" म्हणाले आणि पहाटेच्या पहिल्या एसटीनं गेले. त्यांच्यावाचून घर इतकं ओकंबोकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी मी कामटी बुडवून पाहिली. पाणी बरोबर खालच्या रेघेला टेकलं होतं. मी सवयीनं जिन्याशी जाऊन ओरडलो, "बरोबर निघाला हो तुमचा अंदाज!"